चंचल मूल, मेंदूची वाढ आणि गोळीचा प्रश्न

शाळेचा निरोप येतो, उद्या पालकांना पाठवा. मूल वर्गात बसत नाही, वही अर्धीच सोडते, शेजारच्या पोराची पेन्सिल ओढते, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडते. आई एमआयडीसीतला खाडा करून शाळेत जाते, मान खाली घालून ऐकते आणि घरी आल्यावर पोराला धपाटे पडतात. शेजारीण सांगते, नजर लागली असेल, कुणाकडे तरी नेऊन धागा बांधा. सासरची माणसे म्हणतात, आईनेच लाडावून ठेवलाय. मग घरातले एखादे म्हातारे माणूस सहज बोलून जाते, "याचा बापही लहानपणी असाच वांड होता." या सगळ्या बोलण्यात विज्ञानाच्या सगळ्यात जवळ जाणारे वाक्य हे शेवटचे आहे.

बुवापाडा, उलन चाळ, कोहोजगाव, जावसई, अंबरनाथ पश्चिमेतल्या कुठल्याही वस्तीत अशी मुले आहेत. यातली बहुतेक नुसती खोडकर असतात आणि वयाबरोबर निवळतात. काही मुलांना मात्र एडीएचडी नावाची अडचण असते. पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना ती असते असे मानले जाते. ती ओळखली नाही तर हुशार मूलही "ढ" ठरते आणि आठवी-नववीत शाळा सोडते. आपल्या घरांना वर यायला शिक्षणाशिवाय दुसरी शिडी नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

खोडकरपणा कुठे संपतो?

डॉक्टर एका दिवसाच्या मस्तीवरून एडीएचडी ठरवत नाहीत. लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसायला लागलेली हवीत. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत. ती एकाच ठिकाणी नव्हे, तर घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवीत. आणि त्यामुळे मुलाचा अभ्यास, मैत्री किंवा रोजचे जगणे अडत असले पाहिजे. फक्त एकाच बाईंच्या तासाला मूल दंगा करत असेल, तर प्रश्न त्या तासाचा असू शकतो.

याचे तीन प्रकार दिसतात. काही मुले एका जागी बूड टेकत नाहीत, पळतात, चढतात, मध्येच बोलतात. काही मुले शांत बसतात, पण लक्ष कुठेतरी हरवलेले असते. दप्तर, डबा, छत्री विसरतात, सांगितलेल्या तीन कामांतले एकच करतात. तिसऱ्या प्रकारात दोन्ही एकत्र असते. मुलींमध्ये दुसरा प्रकार जास्त दिसतो. त्या त्रास देत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. "पोरगी मंद आहे" म्हणून तिला लवकर घरकामाला लावले जाते. हे विशेष लक्षात ठेवा.

"मोबाईल समोर असला की दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसे?" असे पालक विचारतात. मोबाईलवर दर क्षणाला काहीतरी नवे घडते आणि लगेच बक्षीस मिळते. पाढे पाठ करताना तसे होत नाही. अशा मुलांकडे लक्ष असतेच, पण हवे तिथे, हवा तेवढा वेळ ते रोखून धरणे त्यांना जड जाते.

बापाकडून मुलाकडे काय येते?

हा विकार कुटुंबात चालतो हे डॉक्टरांच्या जुन्या पिढीलाही माहीत होते. पण एकाच घरात राहिल्यामुळे तो येतो की जन्मतःच येतो, हे कसे कळणार? त्यासाठी जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके साध्या भावंडांइतकीच जुळतात. दोन्ही जोड्या एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढतात. तरी एकसारख्या जुळ्यांत एकाला एडीएचडी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण बरेच जास्त निघते. अशा अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की मुलामुलांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ७४ टक्के भाग आनुवंशिक असतो. याचा अर्थ एखाद्या मुलाचा आजार ७४ टक्के बापाचा आणि उरलेला शाळेचा, असा नाही. हा आकडा पुष्कळ मुलांमधल्या फरकाबद्दल आहे, एका मुलाबद्दल नाही.

मग ते "एडीएचडीचे जनुक" कोणते? असे एक जनुक नाहीच. २०१९ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी एडीएचडी असलेल्या वीस हजारांवर लोकांची जनुके तपासली, तेव्हा फरकाच्या १२ जागा सापडल्या. २०२३ साली ३८ हजारांवर लोक तपासले, तेव्हा जागा २७ झाल्या. अजून हजारो असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. यातली प्रत्येक जागा धोका अगदी किंचित वाढवते. हे फरक तुमच्या-आमच्या, सगळ्यांच्या शरीरात थोडे थोडे असतात. काही मुलांच्या वाट्याला त्यातले जास्त एकत्र येतात, एवढेच. त्यात मूल वेळेआधी जन्मणे, जन्माचे वजन फार कमी असणे, गरोदरपणात आईचे तंबाखू-सिगारेट, लहानपणी शरीरात शिसे जाणे, यांचीही भर पडू शकते. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, भंगार वितळवण्याचे किंवा रंगाचे काम घराजवळ होत असेल तर लहान मुलांना तिथून दूर ठेवा. अशा कामावरून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मूल उचलावे.

इथे एक गोष्ट आपल्या समाजाने नीट समजून घेतली पाहिजे. "आनुवंशिक" हा शब्द ऐकला की आपल्याला रक्ताची, जातीची भाषा आठवते, कारण ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविरुद्धच वापरली गेली. "यांच्या डोक्यात शिक्षण बसायचे नाही" हे वाक्य आपल्या आजा-पणजांनी ऐकले आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना आनुवंशशास्त्राच्याच आधारे उत्तर दिले. त्यासाठी त्यांनी बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाचा दाखला दिला. बुद्धीचे वरचे गुण कोणत्या तरी एकाच आनुवंशिक घटकातून उतरत नाहीत, अनेक घटक एकत्र येऊन ते घडत असावेत, असे त्याचे म्हणणे होते. आज जनुकांची मोजणी तेच दाखवते. एडीएचडीचे जनुकीय फरक जात पाहून येत नाहीत. ते उल्हासनगरच्या व्यापाऱ्याच्या घरात येतात, बदलापूरच्या सोसायटीत येतात आणि आपल्या चाळीतही येतात. फरक पडतो तो पुढे. तिथे मुलाला डॉक्टर मिळतो, इथे छडी मिळते.

मेंदूत काय वेगळे असते?

कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे घरातले कर्ते माणूस समजा. आधी काय, मग काय, आता थांब, हे आधी पुरे कर, हे सांगणे त्याचे काम. मेंदूच्या आतल्या भागांपर्यंत त्याच्या तारा गेलेल्या असतात. या तारांच्या जोडांवर निरोप पोचवणारी रसायने असतात. त्यातली दोन या विषयात महत्त्वाची आहेत, डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन. एडीएचडीमध्ये या निरोपांची ये-जा कमी पडते असे मानले जाते. कर्ता माणूस घरात आहे, पण त्याचा आवाज वेळेवर पोचत नाही.

दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांचे मेंदू वर्षानुवर्षे स्कॅन करून पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी बालपणी वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग कमी होऊ लागते. साध्या मुलांत निम्म्या भागांनी हे टोक साधारण साडेसातव्या वर्षी गाठले होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. वाढीचा क्रम तोच होता, वेळ तेवढा मागे होता. दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवावी लागते, असे तज्ज्ञ सांगतात ते यामुळे पटते. पण म्हणून "मोठा झाला की आपोआप जाईल" असे धरून बसू नका. धावपळ वयाबरोबर कमी होते, विसराळूपणा आणि अर्धवट कामे मात्र पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहतात.

हे मेंदूतले फरक शेकडो मुलांची सरासरी काढल्यावर दिसतात. एका मुलाचा एमआरआय किंवा रक्ताची जनुक-तपासणी करून एडीएचडी आहे की नाही हे आज सांगता येत नाही. त्यासाठी कुणी हजारो रुपयांची तपासणी सुचवली तर ते पैसे वाचवा. निदान होते ते बोलण्यातून, मुलाला पाहून आणि घरचे व शिक्षक यांनी भरलेल्या प्रश्नावलीतून.

आधी या गोष्टी तपासा

लक्ष न लागण्याची दुसरी कारणेही असतात आणि आपल्या वस्त्यांत ती जास्त असतात. मुलाला फळा दिसतो का? कान वाहतो का, ऐकू कमी येते का? रक्त कमी आहे का? रात्री घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का? टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढून झोप मोडत असेल तर दिवसा मूल चिडचिडे आणि चंचल होते. बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबते का? ती एक प्रकारची फीट असू शकते. घरात दारू, मारझोड आहे का? भीतीत जगणाऱ्या मुलाचेही लक्ष लागत नाही. यातली बरीच कारणे चष्मा, लोहाच्या गोळ्या किंवा साध्या उपचाराने सुटतात.

साखर किंवा चॉकलेट खाल्ल्याने एडीएचडी होत नाही, हे मुलांना नकळत साखर आणि बिनसाखरेचे गोड पदार्थ देऊन केलेल्या चाचण्यांत दिसले आहे. आईच्या लाडानेही तो होत नाही.

आमिर खानचा 'तारे जमीन पर' हा २००७ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे. त्यातल्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण होती. ती वेगळी गोष्ट, पण एडीएचडीबरोबर ती बऱ्याचदा हातात हात घालून येते. त्याच वर्षी मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन्ही अडचणी एकत्र असलेल्या ५० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याचीही करून घ्या.

कुठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पथक शाळेत येईल तेव्हा फक्त वजन-उंचीवर थांबू नका. मुलाची अडचण कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे आधीच देऊन ठेवा.

गावात छाया रुग्णालय आहे, पुढे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना आधी दाखवा, डोळे-कान-रक्त तपासून घ्या आणि पुढची चिठ्ठी मागा. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून बिचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी येता येते. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. सायनला तर अंबरनाथहून स्लो लोकल थेट जाते. फोनवर बोलायचे असेल तर टेलि-मानस १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

जाताना शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि शक्य असल्यास शिक्षकांचे चार ओळींचे पत्र न्या. लहानपणी वडील, काका, मामा कसे होते तेही सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, डॉक्टरांना ती माहिती लागते.

गोळी: भीती आणि खरी गोष्ट

"मेंदूची गोळी" म्हटले की घर हादरते. म्हणून नीट सांगतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा आधी गोळी देत नाहीत. पालकांना वागण्याची पद्धत शिकवतात. त्यापुढच्या मुलांत अडचण मोठी असेल तर औषधाचा विचार होतो.

१९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी चंचल मुलांना उत्तेजक औषध दिले, तेव्हा पुष्कळ मुले उलट शांत होऊन अभ्यासाला बसली. मिथाइलफेनिडेट हे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध याच जातीचे आहे. ते १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. मेंदूच्या जोडावर सोडलेले डोपामिन लगेच परत ओढून घेतले जाते. ही ओढ ते थोडा वेळ रोखते आणि निरोप पुरा पोचतो. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि तीन ते पाच तासांत उतरते. दुसरे औषध ॲटोमॉक्सेटिन. ते नॉरॲड्रेनलिनवर काम करते, हळूहळू चढते आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे किंवा जास्त लागतात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून ते बंद करू नका.

एकाच औषधाने एका मुलाला फरक पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, असे का? पहिल्या उत्तेजक औषधाचा चांगला उपयोग शंभरातल्या साधारण सत्तर मुलांना होतो. उरलेल्यांना डोस किंवा औषध बदलावे लागते. इथेही जनुकांचा हात आहे. औषध शरीरात जाऊन फुटते ते यकृतातल्या वेगवेगळ्या एन्झाइममुळे, आणि त्यांचा वेग माणसागणिक वेगळा असतो. ॲटोमॉक्सेटिन फोडणारे एन्झाइम काहींमध्ये जन्मतः मंद असते. त्यांच्या रक्तात तेवढ्याच गोळीने औषध कितीतरी जास्त साठते. म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात आणि पाहून पाहून वाढवतात. शेजारच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला कधीही देऊ नये, याचे कारण हेच.

गोळीने लक्ष वाढले म्हणजे एडीएचडीच होता, असेही म्हणता येत नाही. १९७८ साली साध्या, निरोगी मुलांना उत्तेजक औषध देऊन पाहिले तेव्हा त्यांचेही लक्ष वाढले होते. म्हणून निदान आधी, गोळी नंतर.

त्रासही माहीत असू द्या. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, कधी डोके किंवा पोट दुखते, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, उंचीची वाढ किंचित मागे पडू शकते. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता आणि गोळी उतरल्यावर संध्याकाळी भरपेट जेवण द्या. दर काही महिन्यांनी वजन, उंची, रक्तदाब मोजून घ्या. मुलाला फीट, हृदयाचा आजार असेल किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेले असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगा. मूल गुमसुम झाले, स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले किंवा छातीत दुखते म्हणाले तर लगेच डॉक्टरांना गाठा.

मिथाइलफेनिडेट सरकारच्या कडक यादीत, शेड्युल एक्समध्ये येते. त्यासाठी दोन प्रतींत चिठ्ठी लागते. एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. वेगळा परवाना लागत असल्याने प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी सोय करा. घरात त्या कुलपात ठेवा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने पुढे व्यसन वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही, पण तीच गोळी मोठ्या मुलांनी मजेसाठी खाणे धोक्याचे आहे.

गोळीपलीकडे

१९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणे कमी करण्यात नीट देखरेखीखालचे औषध, नुसत्या वागणुकीच्या उपचारापेक्षा सरस ठरले. औषधाबरोबर पालक-शिक्षकांचे प्रशिक्षणही होते, त्या मुलांना गोळीचा डोस कमी लागला. पण तीन वर्षांनी पाहिले तेव्हा या गटांमधला फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी मदत करते, मूल वाढवण्याचे काम मात्र घराने आणि शाळेने वर्षानुवर्षे करायचे असते.

दहा बाय दहाच्या खोलीतही करता येण्यासारखे पुष्कळ आहे. एका वेळी एकच काम सांगा, मुलाच्या डोळ्यात पाहून सांगा. अभ्यास पंधरा मिनिटांचा, मग पाच मिनिटे उठून पाणी भरणे, उड्या मारणे, पुन्हा पंधरा मिनिटे. त्या वेळात टीव्ही बंद, घरातल्या सगळ्यांसाठी बंद. चांगले केले की लगेच, त्याच क्षणी शाबासकी द्या. महिनाअखेरीच्या बक्षिसाची वाट ही मुले पाहू शकत नाहीत. झोपेची वेळ ठरवा. मारू नका. माराने मूल घाबरते, खोटे बोलायला शिकते, पण लक्ष टिकवायला शिकत नाही.

शिक्षकांना विनंती करा की मुलाला पुढच्या बाकावर बसवा, फळा पुसायला, वह्या वाटायला उठू द्या. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. मुलाला दोन्ही असेल तर अध्ययन अक्षमतेचे सरकारी प्रमाणपत्र करून घ्या. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ हा मुलाचा हक्क आहे, तो शाळेचा उपकार समजू नका. दहावीपर्यंत थांबू नका, कागदपत्रांना महिने लागतात.

विहारात रविवारी मुलांचा आनापानाचा वर्ग चालत असेल तर जरूर पाठवा. थोडा वेळ श्वासावर लक्ष ठेवणे कुणालाही उपयोगी पडते. पण ते उपचाराच्या जागी नको, आणि तिथे मूल चुळबुळले म्हणून त्याला बाहेर काढायलाही नको. अंगारा, ताईत, उतारा यांच्या वाटेला तर आपण जायचेच नाही. विहारातल्या महिला मंडळांना आमची सूचना आहे की एका रविवारी पालकांना एकत्र बसवून हा लेख मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्यांना दवाखान्यात एकटीने जायला भीती वाटते, त्या आईबरोबर दुसरी एक बाई पाठवा. पहिली खेप सोबतीने झाली की पुढच्या खेपा ती आई स्वतः करते.